बुडबुडे मोजायचे, तर नीट मोजू

कुंडी दोन दिवस अंधारात, पानावर काळ्या कागदाची पट्टी, मग उन्हात ठेवून स्पिरिट आणि आयोडीन. झाकलेला भाग निळाकाळा होत नाही. 'प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश आवश्यक आहे' हे अनुमान जर्नलात उतरते आणि तास संपतो. प्रयोग वाईट नाही. पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच, आणि तेही मुलांना आधीच पाठ असते. प्रकाश किती वाढला की वेग किती वाढतो, हा खरा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो.

नरसाळ्याखालच्या हायड्रिलाचे बुडबुडे मोजणारे शिक्षक त्या प्रश्नाच्या जवळ जातात. जगदीशचंद्र बोसांनीही याच हायड्रिलावर काम केले. बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारे यंत्र बनवले आणि १९२४ साली प्रकाशसंश्लेषणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे तसले यंत्र नाही. बुडबुडे लहानमोठे येतात, काही खोडालाच चिकटून बसतात. शिवाय दिवा लांब नेल्यावर बुडबुडे थांबले म्हणजे प्रकाशसंश्लेषण थांबले, असे नव्हे. मंद प्रकाशात तयार होणारा ऑक्सिजन श्वसनात खर्च होतो, उरलेला पाण्यात विरघळतो. 'थांबले' असे जर्नलात लिहू देऊ नये.

त्यापेक्षा पालकाच्या चकत्यांचा प्रयोग करून पाहावा. ऑफिसातल्या पंचिंग मशिनने, जाड शिरा टाळून, चकत्या पाडायच्या. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम खाण्याचा सोडा आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एखादा थेंब. चकत्या आणि हे द्रावण बिनसुईच्या सिरिंजमध्ये घ्यायचे, तोंडावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढायचा आणि सोडायचा. असे दोन-चारदा केले की पानातली हवा निघते, तिची जागा द्रावण घेते, चकत्या गडद दिसू लागतात आणि बुडतात. आता त्या काचेच्या ग्लासात, दिव्याखाली. काही मिनिटांनी एखादीची कड उचलली जाते, ती डळमळते आणि वर येते. दर मिनिटाला तरंगणाऱ्या चकत्या मोजायच्या. निम्म्या वर यायला लागलेला वेळ हे आपले माप. शेजारी बिनसोड्याच्या पाण्यातला ग्लास हवाच. सगळ्या तरंगल्या की ग्लास कपाटात ठेवा. अंधारात त्या हळूहळू पुन्हा बुडू लागतात. श्वसन इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा प्रयोग आमच्या पाहण्यात नाही.

दिव्याबाबत दोन गोष्टी. जुना पिवळा बल्ब पाणी तापवतो, मग परिणाम प्रकाशाचा की उष्णतेचा हे सांगता येत नाही, एलईडी बरा. आणि अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई होतो. तोही दिवा लहान असेल आणि भिंती, खिडक्या मध्ये येत नसतील तरच. मोबाइलवरच्या लक्समापक अ‍ॅपने ग्लासाजवळ मोजलेले आकडे काटेकोर नसले तरी तुलनेला पुरतात.

आलेख आधी चढेल, मग आडवा होईल. तिथे मुले म्हणतील, 'सर, प्रयोग बिघडला.' बिघडलेला नसतो. एका टप्प्यानंतर प्रकाश वाढवूनही वेग वाढत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड किंवा तापमान अपुरे पडते. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेले मर्यादाकारक घटकांचे तत्त्व ते हेच. सोडा थोडा वाढवून आडवी रेषा वर सरकते का, हे मुलांनाच तपासू द्यावे.

अडचण साहित्याची नाही, गुणांची आहे. 'अपेक्षित निरीक्षण' जुळले नाही की गुण जातात, म्हणून मुले आकडे बदलतात, आणि आपण ते चालवून घेतो. हे थांबवणे परीक्षकांच्या हाती आहे, आणि परीक्षक आपणच आहोत. या सत्रात हा प्रयोग करून घ्या आणि वर्गाचे आलेख आमच्याकडे पाठवा. मूळ नोंदी जशाच्या तशा हव्यात, विस्कळीत बिंदूंसकट.