पाळी कुणाची? : जलदैत्याची थरारकादंबरी आणि खानदेशातील कथाबीज

मराठी विभागांतील कादंबरीचे अध्यापन आणि संशोधन ज्या मोजक्या संहितांभोवती फिरत राहते, त्यांत रहस्यकादंबरीला आणि भयकादंबरीला क्वचितच जागा मिळते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) किंवा मराठी भयकथेला वाचकांच्या घराघरांत नेणारे नारायण धारप (१९२५-२००८) यांचा उल्लेख आपण ‘लोकप्रिय’ या एका विशेषणात आटोपतो आणि पुढे सरकतो. तालुक्याच्या वाचनालयातून ज्या पुस्तकांची पाने वाचून वाचून सुटी झालेली असतात, त्यांच्याविषयी आपल्या समीक्षेला सांगण्यासारखे काही नसावे, ही स्थिती समीक्षेला भूषणावह नाही. प्रस्तुत टिपणात या मोठ्या प्रश्नाचा एक लहान तुकडा विचारार्थ घेतला आहे. सरोवरात वास करणारा दैत्य हे थरारकादंबरीचे कथाबीज खानदेशच्या मातीत रुजेल काय, आणि रुजले तर त्याचे रूप कोणते असेल?

अद्भुताचा प्रश्न या प्रदेशाला परका नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहून अद्भुत आणि वास्तव या दोन अंगांनी मराठी कादंबरीचा विचार केला. राजवाडे यांचे निधन १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. त्या निबंधानंतरच्या काळात आपली समीक्षा वास्तवाच्या बाजूने इतकी झुकली की, अद्भुत हे कादंबरीच्या बाल्यावस्थेचे लक्षण आहे असे आपण जवळजवळ गृहीतच धरले. ‘मुक्तामाला’ (१८६१) वर्गात शिकविताना आपल्या स्वरात जी किंचित क्षमायाचना असते, तिचे मूळ या गृहीतात आहे.

या कथाबीजाचा इंग्रजीतील एक ठळक नमुना म्हणून स्टीव्ह आल्टन यांची ‘द लॉक’ (२००५) ही कादंबरी घेता येईल. तिचा नायक सागरी जीवशास्त्रज्ञ आहे. बालपणी तो स्कॉटलंडमधील लॉक नेस या सरोवरात बुडता बुडता वाचलेला असतो, आणि बापावर खुनाचा खटला उभा राहिल्यामुळे त्याला त्याच पाण्याकाठी परतावे लागते. पाण्याची भीती, बापाचे कोडे आणि खोल पाण्यातील प्राणी हे तीन धागे लेखकाने एकत्र वळले आहेत. मात्र कादंबरीला पुढे ओढणारा प्रश्न एकच : तो प्राणी आहे की नाही, आणि असेल तर कोणता?

हा प्रश्न कादंबरीला लॉक नेसच्या दंतकथेकडून आयता मिळाला आहे. सहाव्या शतकातील संत कोलंबा यांनी नेस नदीतील जलपशूला माघारी धाडल्याची कथा त्यांच्या सातव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या चरित्रात येते. आधुनिक काळातील गाजावाजा मात्र १९३३ पासूनचा. १९३४ साली वृत्तपत्रात छापले गेलेले लांब मानेचे प्रसिद्ध छायाचित्र म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेली प्रतिकृती होती, हे १९९४ मध्ये उघड झाले. २०१८ साली शास्त्रज्ञांनी सरोवराच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील डीएनए तपासला. पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या निष्कर्षांत सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. ईल माशाचा, म्हणजे आपल्याकडील वाम माशाच्या भाऊबंदाचा डीएनए मात्र विपुल होता. संताची कथा श्रद्धेची होती. विसाव्या शतकात तिची पुराव्याची कथा झाली, आणि थरारकादंबरीने हीच पुराव्याची चौकट उचलली. छायाचित्र, ध्वनिलहरींचे यंत्र, पाणबुड्या आणि अविश्वासू अधिकारी हे तिचे ठरलेले साहित्य होय.

आता एरंडोलकडे वळू. एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी जळगाव जिल्ह्यातील परंपरागत समजूत आहे. जवळच पद्मालय येथे कमळांचे तळे आणि तळ्याकाठी गणपतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथून थोड्या अंतरावरील भीमकुंडापाशी भीमाने बकासुराचा वध केला असे सांगतात. एकचक्रेचा मान सांगणारी गावे देशात इतरत्रही आहेत. त्यामुळे स्थाननिश्चितीचा वाद येथे अप्रस्तुत आहे. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की, या प्रदेशाने आपल्या तळ्याकुंडांच्या परिसराला दैत्याची जी कथा जोडून घेतली, ती ही आहे.

ही कथा मुळातून वाचली म्हणजे लक्षात येते की, तीत दैत्याच्या अस्तित्वाविषयी कोणालाच शंका नाही. बक आहे, तो नगरीजवळ राहतो, गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस हे त्याचे ठरलेले वेतन आहे. त्या मोबदल्यात तो परचक्रापासून प्रदेशाचे रक्षण करतो, कारण राजा दुर्बळ आहे. प्रत्येक घरावर ही पाळी अनेक वर्षांनी येते आणि जो टाळू पाहील त्याचा बायकामुलांसह नाश होतो. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले आहेत त्याची पाळी येते, तेव्हा नवरा, बायको आणि मुलगी आळीपाळीने स्वतःला पुढे करतात, आणि बोबडे बोलणारे लहान पोर गवताची काडी उगारून राक्षसाला मारायला निघते. हे गाव सोडून जाऊ असे मी तुला सांगत होतो, पण माहेरच्या माणसांच्या ओढीने तू ऐकले नाहीस, असे नवरा बायकोला म्हणतो. भीम बकाला मारून त्याचे प्रेत नगरद्वारी टाकतो आणि निघून जातो. सकाळी लोक जमतात, चकित होतात, आणि मग मोजू लागतात : आज पाळी कुणाची होती? कथेचे मर्म या मोजण्यात आहे. नगरीला दैत्य अपरिचित नव्हता. तिने त्याची व्यवस्था लावून दिली होती.

आसरांच्या लोकश्रद्धेतही असाच व्यवहार दिसतो. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड महाराष्ट्रभर आढळतात. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात या जलमातांची दखल घेतली आहे. आसरांची भीती असते, आणि त्यांची ओटीही भरली जाते. डोहाला वर्षाला एक जीव लागतो असे म्हणणारी आजी पाण्याशी असलेला एक करारच नातवाला समजावून देत असते. लॉक नेसच्या कथेत माणूस आणि दैत्य यांच्यामध्ये कॅमेरा आहे. आपल्या कथांत त्यांच्यामध्ये देणेघेणे आहे.

हे देणेघेणे केवळ पुराणात उरलेले नाही. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होण्यापूर्वी जी गावे धुळे जिल्ह्यात मोडत होती, त्यांपैकी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. मणिबेली हे महाराष्ट्रातील त्यांपैकी बुडिताला प्रथम सामोरे गेलेले गाव. धरणाला दैत्य म्हणणे हे घोषणेचे काम आहे. कादंबरीने तितके सोपे उत्तर स्वीकारू नये. जलाशय पाणी देतो, वीज देतो, आणि बकही नगरीला रक्षण देतच होता. कोणाच्या रक्षणासाठी कोणाचा गाडा, कोणत्या घराची पाळी आणि ती कोणी ठरविली, हा महाभारतातला प्रश्न नर्मदाकाठच्या आदिवासी पाड्यात जसाच्या तसा उभा राहतो. गाव सोडायला राजी नसलेली बाईही तेथे आहेच. अशा जलाशयात काहीतरी हलते आहे, या एका वाक्याने सुरू होणारी थरारकादंबरी खानदेशात लिहिली गेली, तर तिच्या पाण्याखाली मंदिराचा कळस, शेताचे बांध आणि पूर्वजांचे गाथे असतील. तेथील भय निर्माण करायला ध्वनिलहरींच्या यंत्राची गरज पडणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, थरारकादंबरी रंजनासाठी असते. तिच्यावर समाजचिंतनाचा भार लादला तर थरारच नाहीसा होईल. या आक्षेपाला बकवधाची कथाच उत्तर देते. भीम राक्षसासाठी आणलेला भात स्वतःच खात बसतो. मागून बक त्याच्या पाठीत प्रहार करतो, आणि भीम मान न वळविता घास घेत राहतो. उत्कंठा आणि विनोद यांचा असा मेळ कोणत्याही थरारकादंबरीकाराने हेवा करावा असा आहे, आणि तो पाळीच्या व्यवस्थेचे वर्णन पूर्ण झाल्यावरच येतो. घास कोणाच्या वाट्याचा आहे हे ठाऊक असल्यामुळेच तो खाण्यात रंगत आहे. दुसरा आक्षेप उसनवारीचा. परकीय कथाबीज घेणे हा दोष नव्हे. धारपांनी ‘लुचाई’साठी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चा आधार घेतला आणि तरीही मराठी वाचकाला ते भय आपले वाटले. बीज कोठून आले यापेक्षा ते येथे आल्यावर कोणता प्रश्न विचारते, याकडे समीक्षेने पाहिले पाहिजे. लॉक नेसचा प्राणी उचलून हतनूरच्या किंवा गिरणेच्या धरणात सोडला आणि प्रश्न मात्र ‘आहे की नाही’ हाच ठेवला, तर ती कादंबरी दोन्हीकडून उपरी राहील.

देशीयतेची चर्चा आपल्याकडे गंभीर कादंबरीपुरती पुष्कळ झाली. यावल तालुक्यातून आलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी तिला दिशा दिली. तीच कसोटी लोकप्रिय कादंबरीला लावण्याचे काम उरले आहे, आणि ते जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील अभ्यासकांना अधिक सहज करता येईल. पद्मालय आणि भीमकुंड येथे सांगितल्या जाणाऱ्या कथा अहिराणीत, सांगणाऱ्याच्या तोंडून टिपून घेणे. बुडीत गावांतून उठलेल्या वृद्धांकडून जुन्या डोहांची नावे आणि त्यांच्याशी निगडित समजुती विचारणे. आणि वाचनालयातल्या झिजलेल्या भयकादंबऱ्या त्यांच्या शेजारी ठेवून वाचणे, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. यांतील काही काम तातडीचे आहे. पुस्तके उद्याही मिळतील. पाण्याखाली गेलेल्या डोहांची नावे ज्यांना पाठ आहेत, ती माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.