परिचयपत्राची मांडणी

१८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरच्या दाटीच्या पेठांतून अनेक कुटुंबे बसवनगुडीच्या आखीव, मोकळ्या वसाहतीत राहावयास गेली. दाटी आरोग्यास जशी मारक, तशीच ती नोकरीच्या अर्जासोबतच्या परिचयपत्रासही मारक ठरते. तेथील गांधी बाजारात दहा वर्षे दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्याचा अनुभव जन्मतारीख, छंद, कौटुंबिक माहिती यांच्या गर्दीत तळाशी दडला, तर तो वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. पदवी नसणाऱ्याची तर अनुभव हीच पुंजी! म्हणून नाव-पत्त्यानंतर लगेच कामाचा अनुभव, अलीकडचा आधी, वर्षांसह लिहावा. ‘मेहनती आहे’ यापेक्षा ‘रोजच्या पावत्या नोंदवून महिनाअखेरीचा हिशेब जुळवला’ हे अधिक बोलके असते. पान एकच, मथळे ठळक, समास मोकळा असावा. मांडणी ही सजावट नव्हे; केलेल्या कष्टांना दिलेला तो न्याय होय.