त्यांचा लाइव्ह अल्बम, आमचा गोंगाट?

१४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला : "काल रात्री भीमगीतांचा जो गोंगाट चालला होता, त्याला संगीत म्हणायचं का?" खाली सात-आठ अंगठे. मी उत्तर दिलं, वाद झाला. दोन दिवसांनी त्याच गृहस्थांनी मला वेगळी एक लिंक पाठवली. माणूस तसा सज्जन, वसईत वाढलेला, तरुणपणी गिटार वाजवलेला. सोबत लिहिलं होतं, "मॅडम, राग सोडा. हे ऐका. लाइव्ह संगीत याला म्हणतात."

लिंक होती 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' या अल्बमची. ऑलमन ब्रदर्स बँड, १९७१.

मी तो ऐकला. विरार लोकलमध्ये, कानात हेडफोन घालून, चार वेळा ऐकला. आता त्या गृहस्थांना काही सांगायचं आहे, आणि त्यांच्याहून जास्त तुम्हाला, माझ्या आंबेडकरी मित्र-मैत्रिणींना.

आधी खरं ते बोलते. अल्बम जबरदस्त आहे. १९७१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरात भर कार्यक्रमात तो रेकॉर्ड झाला. ड्वेन ऑलमन हा २४ वर्षांचा गोरा तरुण औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून ती गिटारच्या तारांवरून सरकवतो. याला स्लाइड म्हणतात. स्वर पायरी-पायरीने चढत नाही. घसरत जातो, हुंदका देतो, ओरडतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. २००४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा अल्बम राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनाच्या यादीत घेतला.

पण समाजशास्त्र शिकलेल्या माणसाची एक खोड असते. सुंदर वस्तू दिसली की तो विचारतो : ही कुणाच्या श्रमातून आली?

अल्बममधलं पहिलं गाणं 'स्टेट्सबरो ब्लूज'. ते जॉर्जियातल्या ब्लाइंड विली मॅकटेल या अंध कृष्णवर्णीय गायकाचं. त्याने ते १९२८ मध्ये रेकॉर्ड केलं. १९६८ मध्ये ताज महल हे नाव घेतलेल्या कृष्णवर्णीय गायकाने ते नव्याने गायलं. त्यात स्लाइड वाजवली जेसी एड डेव्हिसने. हा अमेरिकेतला मूलनिवासी, किओवा जमातीचा. ते ऐकून ड्वेन शिकला. म्हणजे एक अंध कृष्णवर्णीय, मग दुसरा कृष्णवर्णीय, मग एक आदिवासी आणि शेवटी एक गोरा. जगाला पाठ झालं ते शेवटचं नाव. मॅकटेल १९५९ मध्येच वारला होता. अल्बममधल्या सात गाण्यांपैकी चार अशी मूळ कृष्णवर्णीय कलावंतांची आहेत.

आणि ती स्लाइड? १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर एक फाटक्या कपड्यातला कृष्णवर्णीय माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासून गाताना आपण पाहिला, असं संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. कापसाच्या शेतात राबणाऱ्यांची पोरं झाडूची तार भिंतीला ठोकून, तिच्यावर बाटली फिरवून सूर काढत. त्या एकतारी वाद्याला डिडली बो म्हणतात. हे वाचलं आणि मला आपलं तुणतुणं आठवलं. तिथे एक तार, इथेही एक तार. ज्यांच्याकडे दुसरी तार घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी एका तारेवर आपला इतिहास सांगितला.

आता शेवटचं गाणं बघा. तेवीस मिनिटांचं, नाव 'व्हिपिंग पोस्ट'. म्हणजे माणसाला बांधून चाबकाचे फटके मारायचा खांब. गुलामांच्या पाठीची सालडी अशा खांबांवर सोलली गेली. आणि गाण्याचा विषय काय? प्रेमभंग! दक्षिणेतला गोरा तरुण आपल्या दुःखाला त्या खांबाची उपमा देतो. ज्यांच्या पूर्वजांना तिथे बांधलं, त्यांच्यासाठी तो खांब इतिहास आहे. ज्यांच्या समाजाच्या हातात चाबूक होता, त्यांच्यासाठी तो अलंकार झाला.

माझा मुद्दा इथेच आहे. या गाण्यावर आमचे गृहस्थ डोळे मिटून मान डोलावतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून आपल्या दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं. हा अल्बम आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने नाव घेतलं ब्लॅक पँथरचं. हे नातं आम्हाला कळलं होतं. ते यांच्या कानाला मात्र ऐकू येत नाही.

२०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा मोठा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय आले. वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातला हा मुलगा, लहानपणी स्वतः दोन तारांचं वाद्य बनवून वाजवणारा. तिकीट काढून लोक गेले, टाळ्या वाजवल्या. चांगलंच झालं! पण यातल्या किती जणांनी वामनदादा कर्डकांचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं असेल? दुःख सातासमुद्रापलीकडचं असलं की ती कला होते, आणि रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीतलं असलं की गोंगाट. कारण सरळ आहे. ब्लूज ऐकताना आरोपी मिसिसिपीत असतो. भीमगीत ऐकताना तो आपल्याच सोसायटीत असू शकतो.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, "ताई, म्हणजे गोऱ्यांनी चोरलं. फेकून द्या तो अल्बम." मी तसं म्हणत नाही. त्या सहा जणांच्या बँडमध्ये जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर होता, आणि त्या काळच्या दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एका मंचावर उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. दुसरं, तबकडीवर मॅकटेलचं नाव छापलेलं आहे, एल्मोर जेम्सचंही आहे. म्हणूनच मला इतक्या वर्षांनी नालासोपाऱ्यात बसून मूळ माणसापर्यंत जाता आलं. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. अल्बमच्या मागच्या कव्हरवर कलाकारांचा फोटो नाही. तिथे पेट्या उचलणारे, वायरी जोडणारे कामगार उभे आहेत.

आता आरसा आपल्याकडे फिरवू या. आपल्या किती कॅसेटवर ढोलकीवाल्याचं नाव आहे? कोरसमध्ये गाणाऱ्या बाईचं?

मी बचतगटाच्या कामाने वस्त्यांत फिरते. नालासोपारा पूर्वेला एका चाळीत एका आजींनी मला पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट काढून दाखवली. त्यांच्या मिस्टरांनी साध्या टेपरेकॉर्डरवर रात्रीच्या जलशाचं रेकॉर्डिंग केलं होतं. आम्ही ती लावली. खरखर, मग ढोलकी, मग मध्येच निवेदकाचा आवाज : अमक्या भाऊंकडून गायकाला अकरा रुपये बक्षीस! कुणी खोकतंय, कुठे बाळ रडतंय, आणि मग सगळा मंडप एका आवाजात धरतो. आजींच्या डोळ्यांत पाणी. गाणारा कोण, लिहिणारा कोण, गाव कुठलं, साल कोणतं? त्यांना आठवेना. कव्हरवर काहीच नाही. दहा-बारा मिनिटांत फीत अडकली. बुरशी लागली होती.

मित्रांनो, तो आपला लाइव्ह अल्बम होता. तो कुणी चोरला नाही, आपणच तो कुजू दिला.

भीमराव कर्डकांच्या जलशाने गावोगाव बाबासाहेबांचा विचार नेला. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या वामनदादांनी हजारो गीतं लिहिली. विठ्ठल उमप २०१० मध्ये दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले. आणि आपण काय करतो? त्यांचं गाणं डीजेच्या भिंतीत असं पिळतो की शब्दच ऐकू येत नाहीत. पेनड्राइव्हवर फाइलचं नाव असतं 'भीमगीत नॉनस्टॉप', कवीचं नाव गायब. गृहस्थांनी गोंगाट म्हटलं त्याचा मला राग आला, तो रास्तच आहे. पण शब्द बुडवून फक्त दणदणाट ठेवला, तर त्यांचं काम आपणच सोपं करतो.

नाव गेलं की काय होतं, हे आपल्या सोपाऱ्याला विचारा. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन करेपर्यंत इथले लोक बौद्ध स्तूपाच्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. स्तूप जागेवरच होता, फक्त नाव हरवलं होतं. तेवढ्याने बुद्ध विसरला गेला.

म्हणून येत्या जयंतीला तीन गोष्टी करा. गाणं लावण्याआधी किंवा गाण्याआधी माइकवरून कवीचं आणि गायकाचं नाव घ्या. विहारात एक पेटी ठेवा, घरोघरच्या जुन्या कॅसेट गोळा करा, त्या संगणकावर उतरवा आणि म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून नावं लिहून घ्या. आणि डीजेच्या भाड्यातले थोडे पैसे वाचवून एका रात्रीचा जलसा नीट रेकॉर्ड करा. कलावंतांची परवानगी घ्या, मानधन द्या, आणि सगळ्यांची नावं लिहा : शाहीर, ढोलकी, तुणतुणं, कोरस, मंडप बांधणारे, चहा देणारे. गाव आणि तारीखसुद्धा.

रेकॉर्डिंग झालं की त्याची लिंक मी आमच्या गृहस्थांना पाठवणार आहे. सोबत फक्त एवढंच लिहीन : "सर, लाइव्ह संगीत यालाही म्हणतात."

जय भीम!