राज्यमातेला विण्यासाठी दहा बाय बाराची जागा नाही

मागच्या आठवड्यात आमच्या गोठ्यात कालवड जन्मली आणि चौथ्या दिवशी गेली. गाय तिसऱ्या वेताची, संकरित. दावणीत सहा जनावरं, ही चौथ्या नंबरला. रात्री दोन-अडीचला व्याली. मला जाग आली तेव्हा वासरू मागच्या नालीत, शेणमुतात पडलेलं. गाय चाटायला वळत होती, पण दावं इतकं आखूड की मान मागं येईना. शेजारच्या गाईचा पाय वासराच्या अंगावर पडायचा तेवढा राहिला होता. दोन दिवसांनी नाळ सुजली, ताप आला, पिणं बंद. डॉक्टर म्हणाले, नाळेतून जंतू गेला.

यात नशीब वगैरे काही नाही. रेतन कधी केलं ती तारीख माझ्या वहीत लिहिलेली होती. गाय साधारण २८० दिवसांनी विते हे मलाही माहीत आहे. कास भरली होती, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले होते, संध्याकाळी तिने वैरणही निम्मी टाकली होती. सगळं दिसत होतं. फक्त तिला हलवून बांधायला दुसरी जागाच नव्हती. आणि मंडळी, आपल्या गावात किती गोठ्यांत अशी जागा आहे? मी मोजायला गेलो. आमच्या वस्तीवरच्या अकरा गोठ्यांत मिळून एक. तीही जुन्या छपराखाली, खताच्या पोत्यांशेजारी.

आता जरा सरकारकडे बघू. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं. पेढे वाटले, पोस्टर लागली. (माझी गाय संकरित, म्हणजे ती राज्यमाता नाही. पण कळा काही जात विचारून येत नाहीत.) बरं, माता म्हणालात ना? मग माता होण्याच्या घटकेला तिची सोय काय?

शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत मनरेगातून गोठा मिळतो. चांगली योजना आहे, मी नावं ठेवत नाही. दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपये. मोजमाप ठरलेलं, ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, म्हणजे २६.९५ चौरस मीटर. त्यात गव्हाण आहे. पिण्याच्या पाण्याची २०० लिटरची टाकी आहे. मूत्र साठवायला २५० लिटरची टाकी आहे. विण्यासाठी जागा नाही. गाईच्या मुताचा विचार झाला, विणीचा नाही झाला.

हिशोब करा. सहा जनावरं धरली तर एकीच्या वाट्याला साडेचार चौरस मीटरसुद्धा येत नाहीत, त्यातच गव्हाण. विणाऱ्या गाईला मोकळी १२ चौरस मीटर जागा हवी, हे पशुसंवर्धनाच्या पुस्तकात कुणीही बघावं. साधारण दहा बाय बारा फुटांची खोली म्हणा. अंदाजपत्रक करणाऱ्याने ते पुस्तक उघडलंच नाही, की उघडून मिटवलं, ते त्यालाच ठाऊक.

कुणी म्हणेल, आजोबा-पणजोबांच्या काळी कुठं होती वेगळी खोली? अहो, तेव्हा गाय रानात चरायला जायची. विणीची वेळ आली की कळपातून फुटून झुडपाआड, बांधाच्या आडोशाला जायची. माती, गवत, एकांत, तिचं तीच निवडायची. आपण तिला चोवीस तास दावणीला आणली, खाली सिमेंटचा कोबा केला आणि एकांत काढून घेतला. दूध वाढवलं, जागा कमी केली. म्हणून आता ती जागा आपल्यालाच करून द्यावी लागणार आहे.

कोबा हा तर वेगळाच विषय. जास्त दुधाच्या गाईला, विशेषतः तिसऱ्या वेतापुढच्या, व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम घसरतं आणि ती बसते. मातीवर असली तर कॅल्शियमची बाटली चढवल्यावर पाय रोवून उठते. ओल्या कोब्यावर उठायला गेली की मागचे पाय फाकतात आणि मग ती कायमचीच बसते. असली लाखभराची गाय मातीमोल होताना मी दोन घरांत पाहिली आहे. दोन्ही घरांत पुढच्या ओसरीला चकचकीत टाइल्स होत्या.

आणि रोगाचं काय? सांसर्गिक गर्भपात, ज्याला डॉक्टर ब्रुसेलोसिस म्हणतात, तो पसरतो मुख्यतः वार आणि विण्याच्या वेळच्या स्रावातून. माणसालाही होतो. केंद्राने २०१९ पासून ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना याची लस द्यायचा कार्यक्रम सुरू केला, आमच्याकडेही टोचली. उत्तम. पण एका नालीवर सहा गाई, त्यात दोन गाभण, आणि चौथ्या नंबरच्या गाईचं सगळं पाणी पाचवी-सहावीच्या खुरांखालून वाहतंय. एका हाताने लस द्यायची आणि दुसऱ्या हाताने हा असा गोठा मंजूर करायचा, याला काय म्हणावं?

सरकारला बोललो, आता आपल्यालाही बोलतो. जागा असली तरी आपण तिथं काय करतो? वार लोंबत असली की तिला वीट बांधतो. अरे, आतून फाटतं ते! बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला बोलवायचं, वीट नाही बांधायची. दुसरं, वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, हे कुणी शिकवलं? वासराची प्रतिकारशक्ती त्या चिकातूनच येते. पहिल्या एक-दोन तासांत पाजला तर ती अंगी लागते, दिवस उलटला की आतडं ती घेतच नाही. तीस किलोच्या वासराला दिवसभरात तीन लिटर तरी चीक जायला हवा. आपण त्याचा खरवस करून भावकीत वाटतो आणि वासरू बोटं चाटत बसतं.

'जागाच नाही' हे उत्तर मी स्वतः दहा वर्षं दिलं. कालवड गेल्यावर दोन दिवसांत जागा निघाली. मोटरसायकल आणि जुनी कुळवाची लाकडं ठेवायचो तो कोपरा. चार बांबू, वर जुने पत्रे, पावसाच्या बाजूला ताडपत्री. खाली कोबा नाही, मुरूम टाकून वर माती, त्यावर वीतभर उसाचं पाचट. एक बल्ब, एक बादली पाणी, खिळ्याला आयोडीनची बाटली नाळेसाठी. दावं नाही, आडवी दांडी लावून गाय मोकळी. बांबू आणि पत्रे घरचे होते, त्यामुळे खर्च झाला तो मुरूम आणि मजुरीचा. विणीच्या आधी दहा-बारा दिवस गाय तिथं न्यायची, म्हणजे सवय होते. प्रत्येक विणीनंतर पाचट काढून चुना मारायचा. एवढंच आहे ते.

पण हे सगळ्यांना जमणार नाही, हेही मला कळतं. गावठाणात ज्यांचं घर आणि गोठा एकाच भिंतीला आहे, भूमिहीन बाई एका गाईवर घर चालवते, त्यांना 'कोपरा शोधा' सांगणं सोपं आहे. त्यांच्यासाठीच मनरेगाच्या अंदाजपत्रकात हा कप्पा हवा. गोठा मंजूर करतानाच विणीच्या जागेसह करा. सहा जनावरांचा गोठा लिहून पाच बांधली तरी चालतील, पण ती जागा कागदावर दाखवा. आणि ज्या संघांना आपण रोज दूध घालतो, त्यांनी दिवाळीला साखर आणि डबे वाटण्याऐवजी एक वर्ष सभासदाला चार पत्रे द्यावेत. डबे घरात सात झालेत.

वसुबारसला गाय-वासरू एकत्र पुजतो आपण. यंदा माझ्या गोठ्यात त्या गाईशेजारी वासरू नसेल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. मागणी एकच, आपल्या ग्रामपंचायतीतून जाणाऱ्या प्रत्येक गोठ्याच्या प्रस्तावाला विणीचा १० बाय १२ चा मातीचा कप्पा जोडावा आणि अंदाजपत्रकात तशी दुरुस्ती करावी म्हणून ठराव वर पाठवावा. अर्जाचा मसुदा तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी सकाळी दूध घालायला येताना डेअरीपाशी भेटा, साडेसहा ते साडेसात मी तिथंच असतो.