ओसरणे, मंदावणे, थंडावणे

आगरदांड्याच्या धक्क्यावरून राजपुरी खाडीपलीकडच्या दिघीकडे फेरीबोट सुटते. या किनाऱ्याचा दिनक्रम समुद्राच्या चढउतारावर बेतलेला आहे आणि त्या उताराच्या प्रत्येक पायरीला मराठीत नाव आहे.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते. मग चंद्र आणि सूर्य यांची ओढ काटकोनात येऊ लागते, तसा भरती-ओहोटीतला फरक रोज थोडा घटतो आणि अष्टमीच्या सुमारास भांग लागतो. कोळ्यांसाठी हा शब्द रोजच्या हिशेबाचा आहे. डोल जाळ्यात मासळी शिरते ती प्रवाहाच्या जोराने. भांगात तो जोर कमी होतो आणि मासळीही रोडावते.

जमिनीवरही हीच बारकाई दिसते. पूर ओसरतो, वारा पडतो, वादळ शमते, ताप उतरतो, वेग मंदावतो, बाजार थंडावतो. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी सहसा बसत नाही.

असे असताना बातम्यांत सगळ्यालाच ‘स्लोडाऊन’ किंवा ‘कमी झाले’ म्हणणे हे नुकसान आहे. पाऊस ‘कमी झाला’ म्हटल्यावर तो ओसरला की त्याने दडी मारली, हे वाचकाला कळत नाही. शेतकऱ्यासाठी तर हा फरक पेरणीचा आहे.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत आगरदांडा-दिघी पूलही आहे. पूल हवाच. पण फेरीबोटीचे दिवस सरण्याआधी किनाऱ्यावरच्या शाळांनी उधाण, भांग, ओहोटी हे शब्द कोळीवाड्यातल्या जाणत्यांकडून मुलांसमोर उलगडून घ्यावेत, आणि वृत्तपत्रांनी हवामानाच्या बातमीत नेमके क्रियापद वापरावे.