फायलीत झोपलेली पॉलिसी

होम लोन घेतलेल्या कुणालाही विचारा, 'काय रे, घराचा इन्शुरन्स आहे का?' उत्तर ठरलेलं. 'आहे ना! लोनबरोबरच काढून दिलाय बँकेने.' मी जरा आगाऊ असल्यामुळे लगेच म्हणते, 'बघू!' मग कपाट उघडतं, फाइल निघते, आणि बऱ्याचदा त्यातून जो कागद बाहेर येतो तो घराचा विमा नसतोच. तो असतो कर्ज घेणाऱ्याच्या आयुष्याचा विमा. म्हणजे तुम्हाला काही झालं तर कर्ज फिटेल. घराला काही झालं तर? त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. हा विमा वाईट नाही हं, घरच्यांच्या डोक्यावर ईएमआय पडत नाही. पण तो वेगळा आणि हा वेगळा.

दुसरं लाडकं उत्तर म्हणजे 'सोसायटीने काढलाय ना!' महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवा असं म्हटलेलं आहे, खरंय. पण तो इमारतीचा. तुमचा सोफा, फ्रिज आणि हप्त्यांवर घेतलेला तो भिंतभर टीव्ही यांच्याशी सेक्रेटरीकाकांचा काय संबंध?

तर आता खऱ्याखुऱ्या घराच्या विम्याबद्दल. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्यातली पॉलिसी आली. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, एवढंच काय, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हेसुद्धा त्यात आहे. आणि गंमत म्हणजे इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामान आपोआप आत येतं: इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपये. यादीबिदी द्यावी लागत नाही. त्याहून जास्त सामान असेल तर मात्र सांगावं लागतं.

रक्कम ठरवताना लोक हमखास गडबडतात. फ्लॅट 90 लाखांचा, म्हणून विमा 90 लाखांचा? अजिबात नाही! जमीन काही जळत नाही की वाहून जात नाही. विमा असतो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा. समजा कार्पेट एरिया 650 चौरस फूट आणि बांधकामाचा दर 2,500 रुपये धरला, तर झाले 16 लाख 25 हजार. त्यावर सामानाचे 3 लाख 25 हजार आपोआप. आता एकदा घरात नजर फिरवा आणि सांगा, तेवढ्यात भागतं का तुमचं? दोन लॅपटॉप, एसी, वॉशिंग मशीन, आणि लग्नातल्या साड्या कोण मोजणार! नसेल भागत तर जास्तीची रक्कम आत्ताच सांगून टाका. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर असतं, तेही आठवणीने मागायचं. आपणहून कुणी देत नाही.

मला या कागदाची खरी किंमत कळली ती वरच्या मजल्यावरचा पाइप मध्यरात्री फुटला तेव्हा. आमच्या बेडरूममध्ये अक्षरशः पाऊस! गादी, वॉर्डरोब, पुस्तकं, सगळं भिजलेलं. आई फोनवर म्हणाली, 'अगं, आधी ते सगळं बाहेर टाक, वास मारेल.' मी काहीच टाकलं नाही. आधी व्हिडिओ काढला, मग कंपनीला फोन केला, आणि मगच पुसायला घेतलं. सर्व्हेअर आले आणि पहिलाच प्रश्न, 'मॅडम, याचं बिल?' सगळी बिलं कुणाकडे असतात हो! पण बँक स्टेटमेंट होतं, ऑनलाइन ऑर्डरचे ईमेल होते, आणि दर दिवाळीच्या साफसफाईनंतर मी मोबाइलवर घराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवते, तो होता. सामानाचे पैसे आले. कोपऱ्यातल्या भिंतीला वर्षानुवर्षं असलेल्या ओलीचे नाही आले. रास्तच आहे, हळूहळू झिरपणं म्हणजे अपघात नव्हे. पण सगळ्यात मोठा फायदा सांगू? वरच्या काकूंशी भांडावं लागलं नाही. त्यांच्याकडचा फराळ अजूनही येतो.

क्लेमचं म्हणाल तर कळवायला उशीर करू नका, फॉर्म 30 दिवसांच्या आत द्या, आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत भंगारवाल्याला हाक मारू नका. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडे राहायचं भाडं आणि पडझडीचा राडारोडा उचलायचा खर्चही पॉलिसीत असतो. हे माहीत नसल्यामुळे लोक मागतच नाहीत! कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, आणि महिनाभरात समाधान नाही झालं तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही.

आणि काय मिळत नाही, तेही ऐका. जुलै 2024 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्याही बुडाल्या. गाडीला घराची पॉलिसी चालत नाही, तिची तिची मोटार पॉलिसी हवी, तीही नुसती थर्ड पार्टी नव्हे. चोरीचंही तसंच. मूळ पॉलिसीत चोरी धरतात ती फक्त आग किंवा पुरासारख्या संकटामुळे झालेली, सात दिवसांच्या आतली. एरवीच्या घरफोडीसाठी कव्हर वेगळं घ्यायचं.

'आम्ही तर भाड्याने राहतो,' असं म्हणून पान उलटणाऱ्यांनो, थांबा. भिंती घरमालकाच्या, पण सामान तुमचंच ना? नुसत्या सामानाचीही पॉलिसी मिळते. घर बदललंत की कंपनीला नवा पत्ता तेवढा लेखी कळवा, कारण पॉलिसी चालते ती तिच्यावर छापलेल्या पत्त्यावर.