पाणी भरले, प्रश्न तसाच राहिला



गेल्या अंकात आपण मुदत ठेवींवरील नामनिर्देशनाचा विचार केला होता. त्याच ओघात या वेळी लॉकरविषयी लिहावयाचे ठरविले होते. परंतु मे महिन्यात करंजी घाटात जे घडले, त्यामुळे विषय बदलणे भाग पडले. आजचा विषय मोटारीचा आहे. मात्र माझ्या हातून झालेली चूक अगदी बँकेतल्या जातीची होती, म्हणून ती या सदरात सांगण्यास हरकत नसावी.

पाथर्डीला नात्यातील साखरपुडा आटोपून आम्ही चौघे अहिल्यानगरला परतत होतो. मी, सौभाग्यवती, सात वर्षांची नात आणि माझ्या थोरल्या भगिनी आक्का. आक्कांचे वय 78, शिवाय रक्तदाबाचा त्रास. दुपारचे अडीच वाजले होते. तिसगाव आणि करंजी मागे टाकून गाडी गर्भगिरीच्या डोंगरातील घाट चढू लागली. पुढे कांद्याने भरलेला ट्रक असल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जावे लागत होते. आक्कांना उष्मा सोसणार नाही म्हणून एसी पूर्ण क्षमतेने चालू ठेवला होता. एवढ्यात त्या म्हणाल्या, "अरे, गार हवा येईना का रे?" मी पंख्याचा वेग वाढविला. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेला होता. तो दिसला, पण घाट संपला की उतरेल असे मनाशी म्हटले. दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

गाडी कडेला घेतली. पाण्याची बाटली आणि हातरुमाल घेऊन मी बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणावर रुमाल ठेवला. तेवढ्यात मागून येणारा एक ट्रकचालक आपली गाडी थांबवून धावत आला. "काका, झाकणाला हात लावू नका! तोंड भाजेल." मी हात मागे घेतला. माझ्या कोपराला लागून नात उभी होती, हे मला त्यानंतर दिसले.

त्याने आक्कांना कडुनिंबाच्या सावलीत बसविले, स्वतःच्या जारमधील पाणी देऊन पदर भिजवायला सांगितला. पाऊण तास इंजिन निवू दिले. मग खालच्या होज पाइपची सैल झालेली क्लिप आवळली, झाकण उघडून हळूहळू पाणी भरले आणि विचारले, "काका, पाणी कधीपासून कमी होतंय?"

"दोन महिने झाले. पण मी दर आठवड्याला भरतो ना."

"भरता खरं. पण जातं कुठं, ते पाहिलं का?"

वाचकहो, हा प्रश्न मी तीस वर्षांहून अधिक काळ इतरांना विचारत आलो. तपासणीला गेलो की थकलेल्या कर्जखात्यांत एक प्रकार हमखास आढळे. जुन्या कर्जाचा हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज द्यायचे, म्हणजे खाते कागदोपत्री नियमित दिसते. बँकेच्या भाषेत यास 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात. खाते हिरवेगार दिसते आणि आत धंदा वाळत असतो. अशा शाखाधिकाऱ्यांना मी कडक शेरे लिहिले. आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या मोटारीत दर रविवारी तांब्याने पाणी ओतून तोच व्यवहार करीत राहिलो.

त्या दिवसानंतर मी हा विषय गॅरेजमध्ये बसून समजून घेतला. त्याचे सार असे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाकांच्या कामी येतो. उरलेल्यातील बराच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळपास तेवढाच भाग रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. पाण्याचा पंप इंजिनाभोवती द्रव फिरवितो. थर्मोस्टॅट नावाची झडप साधारणतः 80 ते 90 अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडते व तो द्रव रेडिएटरकडे सोडते. तेथील बारीक नळ्यांवरून वारा गेला की द्रव निवतो. झाकण घट्ट असते ते आत दाब राहावा म्हणून. दाबाखाली पाणी 100 अंशांना उकळत नाही, सुमारे 120 अंशांपर्यंत टिकते. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम जातो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळता फवारा तोंडावर येतो. मी रुमाल ठेवून नेमके तेच करणार होतो.

या साखळीत वाऱ्याचे महत्त्व किती, हे पाहावयास आपल्याच शहरातील रणगाडा संग्रहालयात जावे. 1994 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात रोल्स रॉइसची जुनी सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार आहे. अशा मोटारींच्या रेडिएटरपुढे पोलादी झडपा असत. गोळ्यांपासून बचावासाठी त्या मिटाव्यात, तर वारा थांबून इंजिन तापणार. उघडाव्यात, तर रेडिएटर उघडा पडणार. रणांगणातही इंजिनाला वारा द्यावाच लागतो. आपण मात्र रेडिएटरपुढील जाळीत साचलेली धूळ आणि पाचोळा वर्षानुवर्षे काढीत नाही. ज्या शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे, तेथे राहून मला हे साठीनंतर उमगावे, याची खंत वाटते.

एसीचा या सर्वांशी संबंध असा. एसीने आतून काढलेली उष्णता कंडेन्सर बाहेर टाकतो आणि हा कंडेन्सर बहुतेक मोटारींत रेडिएटरच्या अगदी पुढे असतो. म्हणजे एसी चालू असताना रेडिएटरला आधीच तापलेला वारा मिळतो. शिवाय कॉम्प्रेसर इंजिनाच्याच शक्तीवर चालतो. त्यात चढ, मंद गती आणि भर दुपार यांची भर पडली की इंजिनावरील ताण वाढतो. इंजिन फार तापले की अनेक मोटारींत कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. आक्कांनी विचारले, "गार हवा येईना का रे?", तेव्हा एसी बिघडलेला नव्हता; मोटार मला सूचना देत होती.

दोष कोठे आहे, हे ओळखण्याच्या काही खुणा लक्षात ठेवाव्यात.

काटा सिग्नलला उभे असताना चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासावा. उभ्या गाडीत एसी गार होत नाही व चालू लागताच गार होतो, तेव्हाही संशय पंख्यावरच घ्यावा.

काटा चढावर किंवा महामार्गाच्या वेगात वर जातो, तर द्रव कमी आहे, रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही.

द्रव कमी होतो पण जमिनीवर थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येतो, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसते, तर हेड गॅस्केटची शंका घेऊन गाडी चालविणे थांबवावे.

इंजिनाचा काटा ठीक आहे, पण हवेचा झोतच मंद आहे, तर केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो; तो बदलणे स्वस्त व सोपे आहे. झोत जोरात आहे पण गार नाही, तर कंडेन्सर, कॉम्प्रेसर व गॅस तपासावा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे म्हणजे पुन्हा तेच एव्हरग्रीनिंग.

आता पाण्याविषयी. आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून पिण्याची शिस्त आहे. मोटारीला मात्र आपण बोअरचे जड पाणी पाजतो. त्यातील क्षार नळ्यांत साचतात. माझा रेडिएटर असाच चोंदला होता. क्लिप आणि होज पाइप थोडक्यात झाले, रेडिएटर मात्र बदलावा लागला. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट व डिस्टिल्ड पाणी योग्य प्रमाणात घालावे आणि ठरलेल्या मुदतीला ते बदलून घ्यावे. रस्त्यात अडचण आली तर साधे पाणी चालेल, पण तो तात्पुरता इलाज समजावा. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेषत्वाने सांगावीशी वाटते. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि त्यातून त्यांचा जीव जाऊ शकतो. म्हणून सांडलेले तत्काळ पुसून ती जागा धुवावी, जुने कूलंट उघड्यावर ओतू नये आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

वाटेत काटा चढू लागला तर प्रथम एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात. तरीही उतरत नसेल तर हीटर पूर्ण सुरू करावा. त्याने इंजिनातील काही उष्णता गाडीत ओढली जाते. गाडीत वृद्ध किंवा लहान मूल असेल तर हा उपाय न करता सरळ सुरक्षित जागी थांबून त्यांना सावलीत न्यावे. वाफ दिसली किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करावे. अलीकडच्या अनेक गाड्यांत काटा नसून केवळ दिवाच असतो, हे ध्यानात ठेवावे. इंजिन पूर्ण निवेपर्यंत, किमान अर्धा-पाऊण तास, झाकणास हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मुलांना किंवा वृद्धांना "दोनच मिनिटे" म्हणूनही ठेवू नये. आतील तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते.

मेकॅनिक म्हणाला, आणखी एक-दोन किलोमीटर तसेच गेला असता तर हेड गॅस्केट गेले असते. खर्चाचा आकडा त्याने सांगितला. तो मी फारसा ऐकला नाही. माझ्या डोळ्यांपुढे झाकणावरचा रुमाल आणि शेजारी उभी असलेली नात एवढेच होते.

आता मोटारीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आहे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतील पातळी पाहून तारखेसह नोंद करतो. पातळी एकदा उतरली तर भरतो. दुसऱ्यांदा उतरली तर गॅरेज गाठतो.

घरी पोहोचल्यावर आक्कांना पंख्याखाली बसविले, लिंबाचे सरबत दिले. थोडे बरे वाटताच त्यांनी विचारले, "त्या ट्रकवाल्याचं नाव विचारलंस का रे?" मी विचारले नव्हते. पाण्याचे पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. आणि मी, आयुष्यभर नाव, पत्ता व सही घेतल्याशिवाय कागद पुढे न सरकविणारा, त्याला नुसता नमस्कार करून निघालो होतो. हल्ली डिकीत पाच लिटर पाण्याचा कॅन भरून ठेवतो. घाटात कोणी बॉनेट उघडून उभा दिसला की थांबतो, आणि आधी एवढेच सांगतो की झाकणाला हात लावू नका.